अकरावं मिनिट

कूम व्लास्ता माझा संगणक दुरुस्त करायला आला, तेव्हा त्याच्या पदरात काय पडणार होतं ते आधीच सांगतो. दर भेटीला आईच्या हातचा, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेला सारमा, जर्दाळूच्या घरगुती दारूचे, राकियाचे, तीन पेले, आणि 'व्लास्ताला यंत्रातलं कळतं' ही गावभर कीर्ती. माझ्या पदरात एकच गोष्ट पडायची होती. नातवाचं नाव!

माझ्या लेकीने, बिल्यानाने, परमुलखातल्या लिंझच्या हेल्मुटशी लग्न केलं आणि मी लग्नाला गेलो नाही. दोन वर्षं अबोला. मग एके दिवशी संगणकावर दोन ओळी उमटल्या: "बाबा, मुलगा झाला. रविवारी बारा वाजता दाखवते." मोबाईलवर चेहरे दिसण्याच्या आधीचा तो काळ. फोन नंबर तिने दिला नाही, मी मागितला नाही. मी कशाला मागू?

"नऊ वर्षांचा झाला तुझा हा संगणकाचा डबा. टिकेल का?" आईने विचारलं.

"टिकेल म्हणजे? आपल्याला पुरून उरेल!"

डबा टेबलाच्या कडेला आडवा ठेवलेला; रविवारी आई विणकाम घेऊन त्याच्या पाठीकडच्या दिवाणावर, माझ्या बाजूला बसली. तिथून पडदा तिरका दिसतो आणि कॅमेऱ्यात तोंड येत नाही, म्हणजे कवळी लावावी लागत नाही.

आता, आमच्या किकिंदा गावात कुणी दहा मिनिटांच्या आत मुद्द्यावर येत नाही. आधी हवा, मग गुडघे, मग कोण कोण गेलं. बिल्याना शेवटी इथलीच! दहा मिनिटांत आम्ही तीन शेजारी पुरले. अकराव्या मिनिटाला तिने घसा साफ केला. "बाबा, हेल्मुटच्या मनात होतं, म्हणून बाळाचं नाव..."

टप्! पडदा काळा. डबा आपला आपण बंद पडला आणि नव्या नवरीसारखा लाजत-मुरडत पुन्हा सुरू व्हायला लागला. त्याला सात मिनिटं लागली. तोवर ती गेलेली, मागे एक ओळ: "हेल्मुटचं नाव काढलं की तोडता? पुढच्या रविवारी पुन्हा बघू."

म्हणून कूम. कूम म्हणजे माझ्या लग्नाचा साक्षीदार. आमच्याकडे सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, कूमला नाही. व्लास्ताने डबा उघडला, आत फुंकर मारली, मेमरीची पट्टी खोडरबराने घासली आणि चार दिवस, चार जेवणं, यंत्र चालवून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही!

रविवारी अकराव्या मिनिटाला, टप्!

"डबा ठणठणीत आहे," व्लास्ता सारम्याचा शेवटचा घास गिळत म्हणाला. "खोट त्या बाजूला आहे. जावईच वायर उपटतो."

"असं म्हणतोस?"

"दुसरं कोण? आपल्यात उपटणारं आहे कोण!"

मला ते फार पटलं. इतकं पटलं की मी बिल्यानाला लिहून टाकलं: "नवऱ्याला म्हणावं, वायरीपासून हात लांब ठेव."

तिसऱ्या रविवारी तिने हवा विचारली नाही, गुडघे विचारले नाहीत. "आधी हेल्मुटची माफी मागा, बाबा. मग बाळ आणते." मी दहा मिनिटं वाद घातला. डोक्यातली राकियाची धग उतरली, मग तिच्या मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. मी मान खाली घातली. "बरं. हेल्मुटला सांग, की मी..."

टप्!

आणि करपल्या लोकरीचा वास. मी डब्यामागे वाकून पाहिलं. आईने अर्धी विणलेली शाल डब्याच्या मागच्या जाळीवर घट्ट खोचली होती.

"आई! हे काय?"

"त्यातून वारा येतो रे. थेट कमरेवर!"

"गरम वारा आहे तो!"

"गरम असो की गार, झुळूक ती झुळूक. तुझे आजोबा झुळुकीनेच गेले."

"आजोबांना बैलाने मारलं!"

"झुळुकीने कंबर धरली म्हणून पळता आलं नाही."

जाळी बुजली की डबा तापून बंद पडायचा; एरवी त्या दिवाणावर कुणी बसत नाही, म्हणून व्लास्तासमोर चालला. शाल बाळासाठीच होती.

मी सगळं खरं खरं पत्रात लिहिलं, माफीसकट. लग्नपत्रिका अजून ठेवली होती, तिच्यावरच्या पत्त्यावर शाल आणि पत्र धाडलं. तीन आठवड्यांनी पार्सल परत. माझ्याच पत्राच्या पाठीवर बिल्यानाचं अक्षर: "आजीची शाल? बाबा, माझ्या लहानपणी तुम्ही याहून बऱ्या थापा मारायचात."

आता हिशेब. व्लास्ताची कीर्ती शाबूत, डबा त्यानेच बरा केला असं तो सांगतो. आईची कंबर शाबूत. हेल्मुटने तर वायरीला हातही लावला नव्हता. भरलं कुणी ते तुम्हीच बघा. मी अजून नातवाला 'तो' म्हणतो.

दर रविवारी बाराला मी डबा लावतो. जाळी मोकळी, पलीकडे कुणी नाही; संध्याकाळपर्यंत अखंड चालतो, एकदाही टप् नाही.

"बंद कर तो," आई दिवाणावरून म्हणते. "उगाच झुळूक लागते."