भिंगरीचा पहिला कागद

एका जंगलात, बाळांनो, पाणवठ्यावर जन्माचा दाखला दाखवल्याशिवाय पाणी मिळत नसे.

तिथे सगुणी नावाची खवल्या मांजर होती. नाव मांजराचं, अंगावर खवले माशासारखे, मुक्काम आज या बिळात तर उद्या त्या. तिच्या जमातीत दाखला कुणाकडेच नव्हता. सगुणीने सगळा जन्म दव चाटून काढला होता. लेकीचं, भिंगरीचं, तसं होऊ नये असं तिला वाटे. म्हणून उन्हाळा तोंडावर आला तशी ती लेकीला शेपटीवर बसवून कचेरीत गेली.

तिथे साळिंदरराव कारकून होते. पाठीवर लेखण्याच लेखण्या.

"प्राणी कोणता?"

"खवल्या मांजर."

"मांजरांची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या बोक्याने तिचा वास घेतला. "छे! ही आमच्यातली नाही. खवले आहेत, माशांकडे जा."

माशांची कचेरी तळ्यात होती. आणि तळ्याकडे जायचं तर दाखला हवा!

सगुणी परत साळिंदररावांपुढे उभी राहिली.

"बरं, पोरीचा पत्ता सांगा."

"माझी शेपटी."

"कायमचा पत्ता हो बाई! शेजाऱ्यांची साक्ष तरी आहे?"

"शेजारी मुंग्या होत्या, साहेब."

"मग आणा त्यांना."

"खाल्ल्या मी," सगुणी लाजून म्हणाली.

तेवढ्यात भिंगरी शिंकली.

"ऐकलंत? जिवंत आहे माझी पोर!"

"शिंक पुरावा म्हणून चालत नाही," असं म्हणून साळिंदरराव जेवायला उठले.

सगुणीचा धीर सुटला. खवल्या मांजराचा धीर सुटला की ते पिल्लाला पोटाशी घेऊन अंगाचा चेंडू करतं. तिनेही केला. नेमका कचेरीच्या दारात. साळिंदररावांना बाहेर पडता येईना. त्यांनी ढकलून पाहिलं, टोचून पाहिलं. त्यांचेच चार काटे मोडले.

शेवटी लांडगा फौजदार आला. "सरकारी दार अडवता? नोंदवा गुन्हा, दोघींवर!"

आता गंमत बघा. साळिंदरराव भराभर लिहू लागले. आरोपी : भिंगरी. आई : सगुणी. प्राणी : खवल्या मांजर. पत्ता : आईची शेपटी. पुरावा कुणी मागितला नाही. खाली ठसठशीत शिक्का बसला.

तो कागद घेऊन सगुणी थेट पाणवठ्यावर गेली. पहाऱ्यावरच्या रानडुकराने तो उलटसुलट करून पाहिला.

"शिक्का खरा आहे. प्या."

दोघी पोटभर प्यायल्या. भिंगरीने तर रानडुकरालाही भिजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या दारात जमातीतली झाडून सगळी खवल्या मांजरं चेंडू होऊन बसली होती. अगदी रांगेत.

तात्पर्य : आपण जन्माला आलो हे सिद्ध करत बसू नये, बाळांनो. एखादा लहानसा गुन्हा करावा. बाकीचं सरकार स्वतःच सिद्ध करतं.