वैरागची गाडी

शुक्रवारी संध्याकाळी वैराग स्टेशन जेमतेम दीड हातावर राहिलं असताना मोहोळकरांच्या इंजिनाचं बॉयलर फुटलं.

आवाज काही फार मोठा झाला नाही. आधी फुस्स झालं, मग उकळत्या पाण्याची एक चिळकांडी मोहोळकरांच्या चष्म्यावर आली आणि वीतभर लांबीचं ते इंजिन दोन डबे घेऊन कलंडलं. तसंच घसरत जाऊन त्यानं वैरागच्या फलाटावर उभ्या असलेल्या चार लाकडी माणसांना आडवं केलं. एकाचं डोकं निघून कपाटाखाली गेलं. इंजिनाखालचा स्पिरिटचा दिवा तेवढा जळत राहिला होता. मोहोळकरांनी ओला पंचा टाकून तो विझवला आणि ते जमिनीवर बसून राहिले. हाक मारावी असं घरात दुसरं कुणी नव्हतं.

यज्ञेश्वर मोहोळकर सोलापूरच्या कोर्टात नक्कलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत परत यायचं. मुलगी शकुंतला लग्न होऊन धारवाडला गेली आणि पाठोपाठ, चार वर्षांपूर्वी, बायको मालतीबाई गेल्या. त्यानंतर त्या घराची कडी वाजली तर ती भांडी घासायला येणाऱ्या तानाबाईच्या हातानंच.

इंजिनांचा नाद त्याच साली लागला. गिरणीचे एक साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात साहेबाच्या पोराची तीन जर्मन इंजिनं होती. दोन किल्लीची, त्यांतल्या एकाची किल्ली हरवलेली, आणि तिसरं खरोखरच्या वाफेवर चालणारं. मोहोळकर गेले होते कंदील घ्यायला. इंजिनं घेऊन आले.

पण जर्मन इंजिन त्यांना परकं वाटे. मग ते सुटीच्या दिवशी कुर्डुवाडीला जाऊन बार्शीच्या छोट्या गाडीचं इंजिन न्याहाळू लागले. घरी येऊन त्यांनी वाफेच्या इंजिनाचं धुराडं कापून आखूड केलं, बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचे कोळशाचे पेटारे केले, घंटा काढली, शिटी बसवली, तीनदा रंग दिला. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातला धुळाप्पा नावाचा फिटर पितळेचे बारीक भाग करून द्यायचा. तीन वर्षांनी ते इंजिन जर्मनीला ओळखू आलं नसतं.

रूळ कुर्डुवाडीहून, म्हणजे चुलीपासून निघत. माठाखालून बार्शी, आणि तिथून पलंगाच्या पायाला वळसा घालून थेट वैराग. खऱ्या जगात वैरागला गाडी नव्हतीच. मालतीबाईंचं माहेर वैरागचं. दर खेपेला बार्शीला उतरून पुढचे चौदा मैल बैलगाडीत अंग खिळखिळं करून घ्यावं लागे आणि दर खेपेला त्या म्हणत, "सरकारला सगळीकडं रूळ टाकता येतात, आमचं वैराग तेवढं दिसत नाही." त्या असताना मोहोळकर यावर नुसते हसत. आता त्यांनी रूळ टाकले होते.

दर रविवारी बरोबर नऊ वाजता ते रिकाम्या घरात मोठ्यानं सांगत, "वैरागकडे जाणारी गाडी सुटत आहे!" तानाबाई मोरीतूनच म्हणे, "सुटू द्या की. मी कुटं धरलीया?"

त्या शुक्रवारी बॉयलर फुटल्याचं दुःख एवढं मोठं व्हायला कारण होतं. कोर्टातल्या सगळ्यांना त्यांनी आजवर तीन-तीनदा गाडी बघायला बोलावलं होतं. कुणी आलं नव्हतं. पण परवाच शिरस्तेदार पान जमवता जमवता म्हणाले होते, "येऊ की रविवारी. मंडळींनाही आणतो." मोहोळकरांनी त्याच दिवशी तानाबाईला चिवडा करायला सांगितला होता.

तेव्हा शनिवारी सकाळी ते तारऑफिसात गेले. आयुष्यभर पानंच्या पानं उतरवणाऱ्या माणसाला थोडक्यात लिहायची सवय नव्हती. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच थोडक्यात लिहिलं आणि तिथंच घात झाला. तार धुळाप्पाच्या नावे, पत्ता कारखान्याचा. इंग्रजीतल्या त्या तारेचा मराठीत अर्थ असा होत होता : "वैरागजवळ बॉयलर फुटले. इंजिन निकामी. व्हॉल्व्ह घेऊन ताबडतोब या. मोहोळकर, शुक्रवार पेठ, सोलापूर."

धुळाप्पा बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. तार ती तार, ती काही कुणी खिळ्याला अडकवून ठेवत नाही. ती फोरमन गुरुसिद्धप्पांच्या हातात पडली. गुरुसिद्धप्पा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि त्याखाली कायमची एक आठी. तार वाचून त्यांनी ती आठी आणखी खोल केली.

"वैराग?" स्टोअरकीपर म्हणाला. "वैरागला रूळ कुठायत साहेब?"

"म्हणूनच फुटलं असणार."

"म्हणजे इंजिन रुळावरून उतरून चौदा मैल रानातनं गेलं म्हणता?"

"मी म्हणत नाही. तार म्हणते."

नेमकी बार्शीहून यायची मालगाडी अजून दिसत नव्हती. गुरुसिद्धप्पांनी मग वाट बघितली नाही. दोन फिटर जॅक, दोरखंड आणि पहारी देऊन वैरागला पिटाळले आणि ज्यानं अपघात पाहिला त्या मोहोळकराची जबानी घ्यायला स्वतः सोलापूरची गाडी धरली. ते गेल्यावर पाऊण तासानं मालगाडी सुखरूप आली, पण हे सांगायला आता समोर कुणी उरलं नव्हतं.

वैरागच्या बाजारात फिटरांनी विचारलं, "इंजिन कुटं पडलंय?"

अर्धा गाव पहारी बघून त्यांच्यामागं निघाला. ओढा पाहिला, ज्वारी तुडवली, दोन विहिरींत डोकावून झालं. गावातल्या येडूच्या हरवलेल्या तीन शेळ्या सापडल्या, इंजिन सापडलं नाही. दिवस मावळायच्या सुमारास गावानं निकाल दिला. इंजिन अजून आलेलं नाही, त्याअर्थी ते येणार आहे. त्याशिवाय कारखान्याची माणसं दोरखंड घेऊन येतात व्हय? आणि याची सगळी खबर सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या मोहोळकरांकडं आहे, हेही फिटरांकडून कळलं.

रविवारी सकाळी कडी वाजली तेव्हा मोहोळकर धुतलेला कोट घालून तयार होते. धुळाप्पा आला नाही तर नाही, किल्लीचं इंजिन तरी दाखवता येईल, असं त्यांनी ठरवलं होतं. दार उघडलं तर समोर शिरस्तेदार नव्हते, पण माणूस तर होता.

"या, या! गाडीसाठीच आलात ना?"

"कुर्डुवाडीहून काल रात्री आलो, घर आता सापडलं," गुरुसिद्धप्पा दारातूनच म्हणाले. "मोहोळकर तुम्हीच? अपघात झाला तेव्हा तुम्ही किती लांब होता?"

"लांब कसला? हाताच्या अंतरावर. वाफ तोंडावर आली माझ्या."

गुरुसिद्धप्पांनी टोपी काढली. "माणसं किती?"

"चार पडली. तिघांना काही झालं नाही. एकाचं डोकं गेलं."

"शिवा शिवा! आणि मग?"

"कपाटाखाली सापडलं. डिंकानं बसवलं. आता कळतसुद्धा नाही. चिवडा घेणार ना?"

गुरुसिद्धप्पा उंबऱ्यावरच बसले. मोहोळकरांनी त्यांना पाणी दिलं, दंडाला धरून आत आणलं आणि पलंगाशेजारी उभं करून अभिमानानं वैराग दाखवलं.

पुढचा पाव तास गुरुसिद्धप्पा मराठीत आणि कानडीत आळीपाळीनं बोलत होते. खोटी तार, सरकारी नोकर, वरती लिहितो, जज्जसाहेबांच्या कानावर घालतो. तानाबाई हातातली राख तशीच ठेवून मोरीच्या दारात ऐकत राहिली. मोहोळकर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण मी खोटं काय लिहिलं?" आणि तारेतला प्रत्येक शब्द खरा होता, त्यामुळे फोरमन जास्तच चिडत होते.

बोलता बोलता त्यांनी इंजिन उचललं, उलटं केलं, फुटलेल्या जागी बोट फिरवलं आणि एकदम थांबले.

"हा सांधा कथलानं कुणी झाळला?"

"मी."

"खाली जाळ आणि वर कथील? पाणी आटलं की वितळणारच! अक्कल आहे का?" असं म्हणून त्यांनी ते इंजिन कोटाच्या खिशात घातलं. "हे पुरावा म्हणून माझ्याकडं राहील."

ते निघून गेले. शिरस्तेदार आलेच नाहीत. सोमवारी कोर्टात विचारलं तर म्हणाले, "अरेच्चा! विसरलोच की हो." चिवडा आठवडाभर पुरला.

तो आठवडा मोहोळकरांना लांबच लांब गेला. नोकरीची धास्ती होतीच. जज्जसाहेबांच्या खोलीतली घंटा वाजली की त्यांच्या हातून अक्षर बिघडे. पण घरी आल्यावर नोकरीपेक्षा रुळांवरची रिकामी जागाच डोळ्यांत सलायची. तीन वर्षं ज्याच्याशी रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं, ते कुणाच्या तरी कपाटात पुरावा होऊन पडलं होतं. एकदा त्यांनी किल्लीचं इंजिन लावून पाहिलं. ते बार्शीपर्यंत गेलं आणि माठाखाली थांबलं. त्यांनीही ते काढलं नाही.

रविवारी नऊ वाजता गाडी सुटायची नव्हती, म्हणून मोहोळकर गप्प बसून होते. तेवढ्यात कडी वाजली. दारात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, एक म्हातारी आणि दोन फेटेवाले उभे होते. हातात नारळ.

"मोहोळकर साहेब हितंच ऱ्हात्यात न्हवं?" म्हातारा म्हणाला. "मी हरिबा. ही माजी भन, केराबाई. वैरागास्नं आलोया सर्विस मोटारीनं. गाडीचं इचारायला."

मोहोळकरांनी त्यांना आत घेतलं. त्यांनी सगळं खरं सांगितलं, माफी मागितली आणि म्हणाले, "वैरागला गाडी फक्त या घरात येते हो."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. अठ्ठावीस मैल मोटारीत धूळ खाल्लेली माणसं होती ती. मग हरिबा हळूच म्हणाला, "बगू तरी."

पलंगाशी चौघं उकिडवे बसले. मोहोळकर शिव्यांची वाट बघत भिंतीला टेकले.

"ठेसन गावाच्या कुठल्या अंगाला धरलंया?" हरिबानं विचारलं.

"उगवतीला."

"चुकलं. तितं पानी तुंबतंय. मावळतीला घ्या."

"मावळतीला मसनवटा हाय की!" एक फेटेवाला म्हणाला.

"मग? गाडी बगून मेलेली उठून बसत्यात व्हय?"

वाद पेटला. केराबाईचं त्याकडं लक्ष नव्हतं. ती फलाटावरच्या निळ्या चिंधीचं लुगडं नेसलेल्या एका लाकडी बाईकडं बघत होती.

"ही कोन?"

मोहोळकर म्हणाले, "वैरागचीच. कुलकर्ण्यांची मालती."

केराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बाहुलीकडं. "मग उनात कशापायी उबी केलीया तिला? सावलीला घ्या की." आणि तिनं स्वतःच्या हातानं ती बाहुली स्टेशनच्या छपराखाली सरकवली. मोहोळकर चष्मा पुसायला मोरीकडं गेले.

ते परत आले तेव्हा दारात गुरुसिद्धप्पा उभे होते. त्यांनी कुणाकडं न बघता खिशातून इंजिन काढून रुळांवर ठेवलं. फुटलेली जागा चांदीच्या झाळणानं सांधलेली होती, वर नवा पितळी व्हॉल्व्ह चमकत होता आणि धुराड्याला तांब्याची कडी बसवलेली होती. ती मोहोळकरांनी कधी मागितलीही नव्हती.

"तक्रार?" मोहोळकरांनी विचारलं.

"काय लिहिणार वरती? खिशात मावणाऱ्या इंजिनासाठी दोन माणसं आणि सहा पहारी पाठवल्या म्हणून?" गुरुसिद्धप्पांनी घसा खाकरला. "काम बुधवारीच झालं होतं. पण चाचणी घ्यावी लागते. तीन दिवस घेतली."

मग स्पिरिटचा दिवा लागला, पाणी उकळलं आणि मोहोळकरांनी घोषणा केली. गाडी चुलीपासून निघाली, माठाखालचं किल्लीचं इंजिन गुरुसिद्धप्पांनी घाईघाईनं उचललं, आणि गाडी पलंगाला वळसा घालून वैरागला थांबली. हरिबानं नारळ फोडला. तानाबाईनं खोबरं वाटलं.

दुपारी सगळे गेले. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मोहोळकरांनी झाडलोट केली, स्टेशन मावळतीला हलवलं आणि उरलेला आठवडा नकला उतरवल्या. असं काही रोज होत नसतं, हे त्यांना कळत होतं.

पुढच्या रविवारी नऊला पाच कमी असताना कडी वाजली. दारात सहा अनोळखी माणसं उभी होती. पुढचा माणूस चांगलाच तापलेला दिसत होता.

"आमी पानगावची मानसं," तो म्हणाला. "बार्शीच्या म्होरं, वैरागच्या अलीकडं. वैरागवाले समद्या बाजारात सांगत फिरत्यात, आमची गाडी पानगाववरनं धडाधडा जाती, थांबत न्हाय. खरं हाय का ह्ये?"

"खरं आहे," मोहोळकर कसंबसं म्हणाले. "तिथं फलाटच नाही."

त्या माणसानं मागं वळून खूण केली. पाठीमागच्या दोघांनी धोतरात गुंडाळलेली, रंधा मारून गुळगुळीत केलेली हातभर लांब फळी पुढं धरली.

"त्यो आमी संगं आनलाय."