क्रूसाला बांधलेला सेफ्टी बेल्ट

"तुमचा बेल्ट कुठाय, चेन्चो मेस्त्री?" सेफ्टी शिकवायला आलेल्या युरिदियाबाईंनी विचारलं, आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या त्या साईटवर सेफ्टीच्या ट्रेनिंगला बसलेले अकरा गवंडी एकदम आपापल्या बुटांकडं बघायला लागले.

बेल्ट कुठाय ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौथ्या स्लॅबवर. मे महिन्याच्या तीन तारखेला, गवंड्यांच्या सणाला, मेस्त्रीनं तिथं कागदी फुलांनी मढवलेला लाकडी क्रूस उभा केला होता. गेल्या साली वाऱ्यानं क्रूस उडून शेजारणीच्या पाण्याच्या टाकीत घुसला. म्हणून यंदा साईटवरची सगळ्यात दणकट वस्तू त्याला आवळली. कंपनीनं त्याला दिलेला कोरा सेफ्टी बेल्ट.

पण तिशीसुद्धा न गाठलेल्या बाईपुढं चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या मेस्त्रीनं हे सांगायचं कसं?

"घरी राहिला," तो म्हणाला.

"मग घेऊन या. चारपर्यंत घालून दाखवा. ट्रेनिंग पास झाल्याचं कार्ड नसेल तर सोमवारपासून वर चढायचं नाही."

मेस्त्री फाटकातून बाहेर पडला, मागनं आत घुसला आणि परांचीवरून सरसर वर गेला. एका हातानं क्रूस धरला, दुसऱ्यानं बकल सोडलं. बेल्ट सुटला तसा क्रूस झुकला, आणि खाली बरोब्बर ट्रेनिंगची खुर्च्यांची रांग. मेस्त्रीनं क्रूसाला दोन्ही हातांनी मिठी मारली. आता ना बेल्ट घालता येईना, ना क्रूस सोडता येईना. फुलं नाकात जायला लागली.

"काम सुरू करायच्या आधी वर बघायचं," बाई खाली शिकवत होत्या. सगळ्यांनी वर बघितलं. बाईंनीही.

"तो कोण?"

"आपला नाही," मेस्त्रीचा जावई नाबोर म्हणाला. "आपला घरी गेलाय."

वरून एक दणदणीत शिंक आली.

"शिंकतो मात्र तसाच," कुणीतरी पुटपुटलं.

बाई स्वतःचा बेल्ट अडकवत वर पोचल्या. आधी तारेनं क्रूस बांधला, मग लहान पोराला स्वेटर चढवावा तसा मेस्त्रीला बेल्ट चढवला.

"सकाळीच सांगायचं ना हो."

"कसं सांगणार? हसले असते सगळे."

"माझ्या जीपमध्ये तीन जादा बेल्ट पडलेत, मेस्त्री. एक दिला असता तुम्हाला."

मेस्त्री बाईंच्या मागोमाग खाली उतरला.

कार्ड मिळालं नाही. महिनाभर फाटकावर बसायचं, बेल्ट दिवसभर अंगावर, मग परत परीक्षा.

सोमवारी तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, सगळी बकलं आवळून. वर नाबोर लावत असलेली भिंत वाकडी चालली होती, ते त्याला तिथनं दिसत होतं. मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकणारी बाई थांबली.

"काय मेस्त्री, खुर्चीतनं पडायची भीती वाटते?"

"पडायची नाही," तो भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. "उठून वर जाईन, म्हणून बांधून घेतलंय."