खिडकी, रस्त्यावरून बघण्याची

वास्तुविशारदांनी बड्या साहेबांच्या नियोजित घराचा नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा कोपऱ्यातून साहेबांच्या आई एवढंच म्हणाल्या, "मला बसायला एक खिडकी ठेवा हं, बाबा. आत्ताच्या आपल्या भाड्याच्या खोलीत समोर नुसती भिंत आहे."

वास्तुविशारदांनी शब्द दिला. लोकांच्या अटींत घरं कोंबून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. निदान एक खिडकी तरी मनासारखी व्हावी, असं त्यांना फार वाटत होतं. रुंद कट्ट्याची, सकाळचं ऊन आत घेणारी खिडकी त्यांनी तिथल्या तिथे काढली.

"सुरेख," साहेब गंभीरपणे म्हणाले. "पण पाहुण्यांना स्वयंपाकघर दिसता कामा नये."

स्वयंपाकघर मागे सरकलं. तरी पडद्यांना वास लागेल, म्हणून ते घराबाहेर गेलं. आणि बाहेर शोभत नाही, या कारणास्तव रद्द करण्यात आलं. बाईसाहेबांना वाळत घातलेले कपडे, औषधांच्या बाटल्या, विस्कटलेली पांघरुणं यांपैकी काहीही नजरेस पडायला नको होतं. सदर वस्तू माणसांमुळे निर्माण होतात, हे लक्षात घेऊन झोपायच्या खोल्या वगळल्या गेल्या. त्या जागी दुसरा दिवाणखाना आला, पहिला खराब होऊ नये म्हणून.

"मग राहायचं कुठे?" वास्तुविशारदांनी चाचरत विचारलं.

"भाड्याच्या खोलीतच की!" बाईसाहेब म्हणाल्या. "नव्या घरात राहून ते जुनं करायचं का?"

"आणि आईंची खिडकी?"

"ती हवीच! रस्त्यावरून काय शोभेल! फक्त कट्ट्यावर कुणी बसायचं नाही. गादी दबते."

घर अटींबरहुकूम उभं राहिलं. बघ्यांनी तोंडात बोटं घातली. आई रस्त्यावर उभ्या राहून आपली खिडकी बघत होत्या. "छान काढलीत हो," त्या म्हणाल्या आणि भिंतीसमोरच्या खोलीकडे परत निघाल्या. वास्तुविशारदांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माणसांना काही ताळतंत्रच उरलं नाही, असं बडबडत ते घरी आले. बाबा दमलेत म्हणून लेकीनं काचेच्या कपाटातला सोनेरी काठाचा कप काढला होता. ती चहा ओतणार, तोच ते ओरडले, "अगं, ठेव तो! पाहुण्यांचा आहे!"

कप मुकाट्यानं कपाटात गेला. टवका उडालेल्या कपातून वास्तुविशारद चहा प्यायले.

हसताय ना? खुशाल हसा. फक्त स्वतःच्या हातातला कप एकदा बघून घ्या.