ठमी, पंप आणि तिसरं वळण

रविवारी अकरापर्यंत ठमी मेहुण्याच्या दारात स्वतःच्या जोरावर पोचली तर राहील, नाहीतर भंगारात जाईल, असं घरात ठरलं तेव्हा पंपसाहेब दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ते बाहेर आले.

"ठरलं म्हणजे? कुणी ठरवलं?"

"मी आणि दादानं," बायको म्हणाली. "दहा वर्षं बघतेय. दर वेळी दुसऱ्या वळणावर ही बया बसकण मारते आणि मी चांगली साडी नेसून टेकडी चढते. बास झालं."

ठमी म्हणजे पंपसाहेबांची चिमुकली जुनी गाडी, लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात घेतलेली. पंपसाहेबांनी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढली होती, म्हणून त्यांना हे नाव. त्यांच्या मेहुण्याने टेकडीच्या माथ्यावर घर बांधलं ते निव्वळ ठमीचा पाणउतारा करण्यासाठी, असं त्यांचं ठाम मत होतं. ठमीशिवाय जगायची कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी तडक मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

"काका, सुपरचार्जर बसवू," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवतो. पण हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. जुना पंप पुरा पडायचा नाही. विजेवरचा घ्या, आणि भरवशाचा घ्या."

पंप आणि भरवसा हे दोन शब्द एकत्र ऐकून पंपसाहेबांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी एक सोडून तीन पंप आणले. गच्चीत बॅटरी, रॉकेलचे डबे आणि एक वही मांडून तिन्ही चालू केले आणि दर तासाला नोंद ठेवली. पहिला पंप दिसायला राजबिंडा होता. त्याने दुसऱ्या दिवशी मान टाकली. दुसरा गोड गुणगुणायचा, पण गळायला लागला. तिसरा बोजड आणि कळकट, पण तीन दिवस त्याची टकटक एका ठेक्यात चालू राहिली.

"हा आपला माणूस!" पंपसाहेब म्हणाले.

"त्या माणसाला जेवताना तरी गप्प बसायला सांगा," बायको म्हणाली.

पंप बसवताना मात्र माशी शिंकली. मिस्त्री म्हणाला, "टाकी मागं आहे. पंप तिच्याजवळ, खाली लावू. हे पंप ढकलतात झकास, पण ओढायला कच्चे."

"तू मला पंप शिकवतोस?" पंपसाहेब कडाडले. "आजवर नुसत्या आवाजावरून पंपांची दुखणी ओळखली मी. पंप कानाशी हवा. पुढं लाव, बॉनेटखाली!"

पंप विहिरीजवळ बसवावा, वर नाही, हे त्यांनी स्वतः शेकडो लोकांना समजावलं होतं. पण घरच्या गाडीपुढे भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. मिस्त्रीने खांदे उडवले आणि पंप पुढे लावला.

रविवारी सपाट रस्त्यावर ठमी शिट्टी मारत अशी सुटली की बायकोने दाराची कडी घट्ट धरली. टेकडीच्या पायथ्याशी भंगारवाला टेम्पो घेऊन उभाच होता. मेहुण्याने त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं.

"तुम्ही व्हा पुढं साहेब," तो अदबीने म्हणाला. "मी आहेच मागं."

पहिलं वळण गेलं. दहा वर्षं वैर धरून बसलेलं दुसरं वळण ठमीने हसत पार केलं. बायको चक्क "शाब्बास!" म्हणाली. आणि तिसऱ्या वळणावर चढ अंगावर आला तसा पंप एकाएकी घाईघाईने टकटकायला लागला. इंजिनाने दोन आचके दिले आणि सगळं शांत झालं. मागे टेम्पोही थांबला. अकराला वीस मिनिटं होती.

पंपसाहेबांना आवाजावरूनच कळलं. त्यांचा चेहरा पडला.

"पंप कोरडा चाललाय. टाकी खाली, पंप वर. पेट्रोल ओढलंच जात नाहीये. मिस्त्री सांगत होता. मी गाढव आहे."

लग्न झाल्यापासून नवऱ्याने चूक कबूल केल्याचं बायको पहिल्यांदाच ऐकत होती. तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

"मग टाकी वर न्या ना!"

"अगं, टाकी गाडीच्या मागच्या बाजूला आहे. ती वर न्यायची म्हणजे अख्खी गाडीच उल..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

वळणाजवळ रस्ता रुंद होता. पंपसाहेबांनी ब्रेक सांभाळत ठमी मागे घरंगळत आणली आणि फिरवून तिचं तोंड उताराकडे केलं. भंगारवाल्याला वाटलं, साहेब पळ काढतायत. तेवढ्यात पंपाची टकटक संथ झाली, इंजिन गरजलं आणि ठमी शिट्टी मारत उलटी वर निघाली.

"डावीकडे घ्या! अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!" बायको सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून रस्ता सांगत होती. टेम्पो समोरासमोर पाठलाग करत होता. पाचव्या वळणावर त्याच्या रेडिएटरमधून वाफ निघाली आणि तो जागच्या जागी बसला. बायकोने वळून त्याला हात हलवला.

अकराला चार मिनिटं असताना मेहुण्याच्या फाटकात आधी ठमीचे मागचे दिवे आले, मग ठमी आली.

"हे काय भावोजी? रिव्हर्समध्ये?" मेहुणा ओरडला. "हे धरायचं नाही!"

पंपसाहेब काही बोलणार, तोच बायकोने काच खाली केली.

"दादा, कुणी ढकलली का?"

"नाही, पण..."

"ओढली?"

"नाही, पण तोंड..."

"तोंड कुठं होतं ते आपलं ठरलेलं नव्हतं. गाडी दारात आहे. राहणार ती."

पंपसाहेबांचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. ते उतरायला निघाले, पण बायको हलेना.

"उतर की," मेहुणा चिडून म्हणाला. "चहा तयार आहे."

"झाकून ठेव, आम्ही आलोच," बायको म्हणाली. "अहो, सरका तिकडं. पुन्हा खाली जाऊ. या खेपेला मी चढवते."

पंपसाहेब निमूटपणे सरकले आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसले.