आप्पा आणि आमचा कोबा

आमच्या शेजारचे दगडू आप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी गुडघे टेकतात, मग गाल जमिनीला लावतात आणि एक डोळा मिटून उजेडाच्या दिशेनं बघत राहतात. शिरूरमध्ये एका मयताच्या घरीही त्यांनी हेच केलं. माणूस दुःखानं कोसळला असं समजून दोन बायांनी नव्यानं हंबरडा फोडला. आप्पा उठले, गुडघे झटकले आणि थोरल्या मुलाच्या कानाशी लागून म्हणाले, "पुसताना सोडा लई वापरता राव तुम्ही."

रांजणगावच्या एका कंपनीत सिमेंटच्या जमिनी घासून चकाकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. साहेब बदलले, मशिनी बदलल्या, आप्पांची मान काही वर झाली नाही. एखाद्या माणसाविषयी मत विचारा, ते एवढंच सांगतील, "पाय वढत चालतंय."

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो तो स्वतःच्याच अकलेनं. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई दोन महिने यवतला माझ्या बहिणीकडे होती. रविवारी परत येणार होती. पुढच्या खोलीतला कोबा म्हणजे तिचा जीव की प्राण. गवंड्याच्या उरावर बसून घोटून घेतलेला. तो लख्ख करून तिला खूश करावं म्हणून मी संडास धुवायचं ॲसिड बादलीत ओतलं आणि खोलीभर फिरवलं. फसफस झाली. मला वाटलं, मळ निघतोय. मळ कसला, कोबाच निघत होता! वाळल्यावर जमीन चिखलात लोळून आलेल्या म्हशीसारखी दिसू लागली.

बायको एवढंच म्हणाली, "आईंना तुम्हीच सांगा हं." मी आप्पांकडे पळालो.

आप्पांनी गाल टेकला. बराच वेळ उठलेच नाहीत.

"गुरुजी, शाळेत काय शिकिवता तुम्ही?"

"इतिहास."

"मग बरं हाय. पोरांच्या हाताला ॲसिड तरी लागत न्हाई."

पुढचे चार दिवस आम्ही स्वयंपाकघरात काढले. आप्पा पाणी मारायचे आणि घासायचे. आधी खरबरीत दगड, मग बारीक, मग ओला पॉलिश पेपर, शेवटी मेण. एकदा मी विसरून आत पाय टाकला. "थांबा! डावा पाय तसाच वर धरा!" दहावीचा वर्गशिक्षक स्वतःच्याच घरात बगळ्यासारखा उभा. घाई करा म्हटलं की उत्तर ठरलेलं : "दगडाला घाई कळत न्हाई."

शनिवारी खोली अशी चमकली की जमिनीत पंख्याची पाती मोजावीत. फक्त दारापासून आईच्या खाटेपर्यंत आणि तिथून मोरीपर्यंत दोन हात रुंदीचा पट्टा तसाच, खरबरीत, मळकट. माझं डोकंच फिरलं.

"आप्पा, आईला पहिल्यांदा हेच दिसणार! नेमकं एवढंच राहिलं?"

"राहिलं न्हाई. ठिवलंय."

"दोन तास बसा अजून, संपवा."

"न्हाई बसायचो."

"चार दिवस घर डोक्यावर घेतलंत आन् आता अडून बसता?"

आप्पा मेणाच्या फडक्याची घडी घालत राहिले. "आमची ही मोरीकडं चालली व्हती, गुरुजी. माझ्याच हातचा कोबा. आरसा निस्ता. खुबा मोडला तिचा. परत उठली न्हाई."

मी मेणाचा डबा उचलून त्यांच्या पिशवीत ठेवला.

रविवारी आई आली. वॉकर टेकून दारातच थांबली. खोली पाहिली, पट्टा पाहिला आणि माझ्याकडे वळली. "ह्यो पट्टा कुणी सोडला रे?"

"म्या, आक्का," आप्पा पुढं झाले. "त्याच्यावरनंच चाला."

आई निघाली. आप्पा तिच्या बरोबरीनं, अनवाणी, स्वतः मात्र गुळगुळीत भागावरून. दोन्ही हात तिच्या मागंपुढं पसरलेले, पण तिला कुठं न लावता. खाट आली. आई बसली, वॉकर बाजूला सारला. आप्पांचे हात तसेच.

"टेकले मी, आप्पा," आई म्हणाली. "हात खाली घ्या आता."