लाल पट्टीचे नाडकर्णी

दाढेसाठी अँटिबायोटिक सुरू झालं, की आमचे नाडकर्णी पायाला लाल पट्टी बांधून ऑफिसला यायचे. गोठ्यातली पट्टी, तीही पँटवरून. लिफ्टमधली जपानी मंडळी सभ्यपणे छताकडे बघायची. मी विचारलंच तर म्हणायचे, "सध्या मी विक्रीला नाही."

तोयोसुच्या ऑफिसात आम्ही दोघं गोठेवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. गाईला औषध दिलं की तिच्या पायाला लाल पट्टी आणि स्क्रीनवर कुलूप. औषध अंगातून जाईपर्यंत ना दूध टाकीत, ना गाय कत्तलखान्यात. कुलूप नाडकर्ण्यांनी बनवलेलं, किल्लीही त्यांच्याकडेच. स्वतः ते बांगड्यापलीकडे कधी गेले नाहीत, पण दुसऱ्याच्या ताटातल्या मांसाची काळजी यांनाच फार. कोणी घाई केली की एकच पालुपद, "अजून दिवस आहेत."

एकदा चिबातल्या एका गोठ्यावरून फोन आला. ३१७ नंबरची म्हातारी गाय, दूध आटलेलं, ट्रक दारात उभा, आणि कुलूप उघडायला तीन दिवस बाकी.

मॅनेजर अदबीनं म्हणाले, "नाडकर्णीसान, एकदाच उघडा. नाहीतर महिनाअखेरीस तुमचं कॉन्ट्रॅक्ट थांबवावं लागेल."

"थांबवा की," नाडकर्णी म्हणाले. "भूकंपानंतर अणुभट्टी फुटली, तेव्हा दुधात किरणोत्सर्ग असेल म्हणून बायको आमच्या मुलीला दूध द्यायला घाबरायची. कोणीतरी नीट तपासलंय, एवढ्या भरवशावर आम्ही ते पाजलं. आता तो कोणीतरी मी आहे. कॉन्ट्रॅक्ट तुमचं, कुलूप माझं."

मी कीबोर्डात तोंड खुपसून बसलो. उरायासुला माझी बायकापोरं आहेत, दुसरं काय करणार? लाज मात्र वाटली. ट्रक रिकामा गेला.

तीन दिवसांनी शनिवार होता. नाडकर्णी मला घेऊन त्या गोठ्यावर गेले. दुखऱ्या गुडघ्यांवर कसेबसे उकिडवे बसले आणि ३१७ च्या पायातली पट्टी स्वतः सोडली. गाय त्यांच्या जॅकेटची बाही चाटत होती. बाहेर ट्रक आलेला. नाडकर्णी मोबाइलवर तिची नोंद वरखाली करत राहिले.

"काय शोधताय?"

"एखादा दिवस राहिलाय का बघतोय."

"राहिलाय?"

"नाही. मीच मोजलेत, चुकणार कसे?"

परतीच्या गाडीत ती पट्टी त्यांच्या पायाला होती.

"दाढ बरी झाली ना तुमची?" मी विचारलं.

"अजून दिवस आहेत," म्हणाले, आणि उरायासु येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.